अ‍ॅनोमली म्हणजे नेमकं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भाषांतराचं काम करते. ओळखीपाळखीचे लोक आपापले कागद घेऊन येतात, तेव्हा एक शब्द फार वेळा पुढे येतो. कुणाच्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो, कुणाच्या मुलाचा खगोलशास्त्राचा धडा अडलेला असतो, कुणाला ऑफिसच्या स्क्रीनवर 'अ‍ॅनोमली डिटेक्टेड' अशी लाल पट्टी दिसलेली असते. शब्द एकच असला तरी प्रत्येकाची काळजी निराळी असते. ज्या प्रश्नांची उत्तरं पुन्हा पुन्हा द्यावी लागली, ती इथे एकत्र केली आहेत. सगळं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा. एका उत्तराला दुसऱ्याचा आधार असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. अ‍ॅनोमलीचा साध्या मराठीत अर्थ काय?

जसं असेल असं आपण धरून चाललो होतो, त्याच्याशी मेळ न बसणारी गोष्ट.

शाळेत शिकलेलं 'पाण्याचं असंगत आचरण' आठवा. बहुतेक पदार्थ थंड होताना आकसत जातात. पाणीही आकसतं, पण साधारण ४ अंश सेल्सिअसपर्यंतच. तिथून शून्याकडे जाताना ते उलट प्रसरण पावतं. इंग्रजीत या वागण्याला 'अ‍ॅनोमलस' म्हणतात. याचा अर्थ पाण्यात बिघाड आहे असा होत नाही. इतर पदार्थांवरून आपण जो अंदाज बांधला, त्यात पाणी बसत नाही, एवढंच त्यातून कळतं. आणि ते बसत नाही म्हणूनच थंड प्रदेशातले तलाव वरून गोठतात, बर्फाखाली ४ अंशांच्या आसपासचं पाणी राहतं आणि त्यात मासे हिवाळा काढतात.

म्हणून हा शब्द दिसला की घाबरण्याआधी विचारायचं: कशाच्या तुलनेत? पुढची बरीचशी उत्तरं या एका प्रश्नावरच उभी आहेत.

२. उच्चार 'अ‍ॅनोमली' की 'अनॉमली'?

इंग्रजीत 'अनॉमली', जोर 'नॉ'वर. पहिला स्वर अगदी हलका असतो. विशेषणाचा उच्चार 'अनॉमलस', अनेकवचन 'अनॉमलीज'. मराठीत मात्र दवाखान्यापासून कॉलेजपर्यंत सगळीकडे 'अ‍ॅनोमली' रूढ झालं आहे, म्हणून इथेही तेच लिहिलं आहे. मराठी बोलताना ते खटकत नाही. इंग्रजीत मुलाखत किंवा भाषण असेल तर जोर 'नॉ'वर ठेवा.

३. हा शब्द 'नियम मोडणं' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला, हे खरं का?

नाही, पण गैरसमज फार पसरलेला आहे. ग्रीकमध्ये 'नोमोस' म्हणजे कायदा, नियम. त्यामुळे 'अ' अधिक 'नोमोस', म्हणजे नियमाविना, अशी फोड सहज सुचते. खरी फोड वेगळी आहे: नकारार्थी 'अन्' आणि 'होमालोस'. होमालोस म्हणजे सपाट, समतल, एकसारखं. अ‍ॅनोमली म्हणजे मुळात उंचसखलपणा.

मराठी माणसाला हा शब्द परका वाटायचं कारणच नाही. 'होमालोस'च्या मुळाशी असलेला 'होमोस' आणि आपला संस्कृत 'सम' हे एकाच मूळ धातूतून निघालेले सख्खे भाऊ आहेत. इंग्रजीतला 'सेम' तिसरा. म्हणजे अ‍ॅनोमलीचं शब्दशः भाषांतर 'असम' किंवा 'विषम' असं होईल. मराठीत 'विषमता' आज सामाजिक अर्थानेच वापरली जाते म्हणून तो शब्द इथे चालवता येत नाही, पण मनात अर्थ पक्का करायला याहून चांगली जोडी मला सापडलेली नाही.

'नोमोस'वरून आलेला शब्द वेगळा आहे: 'अ‍ॅनोमी'. समाजातले नियम आणि बंधनं सैल पडल्यावर येणारी दिशाहीन अवस्था, या अर्थाने फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रूढ केला. समाजशास्त्राच्या उत्तरपत्रिकेत अ‍ॅनोमीच्या जागी अ‍ॅनोमली लिहिलं तर वाक्याचा अर्थच बदलतो.

४. मग अ‍ॅबनॉर्मॅलिटी आणि अ‍ॅनोमली यांत फरक काय?

'अ‍ॅबनॉर्मल'मधला 'नॉर्मा' लॅटिनमधला. नॉर्मा म्हणजे सुताराचा गुण्या, काटकोन तपासायचं हत्यार. 'अ‍ॅब' म्हणजे पासून दूर. जे गुण्याला लागत नाही ते अ‍ॅबनॉर्मल. अ‍ॅनोमली म्हणजे ओबडधोबड जमीन, अ‍ॅबनॉर्मल म्हणजे गुण्या लावल्यावर वाकडं निघालेलं लाकूड. वापरातला फरक या दोन चित्रांत चांगला दिसतो. गुण्या कुणीतरी हातात धरलेला असतो, म्हणून अ‍ॅबनॉर्मलमध्ये निवाडा येतो: असं असायला नको होतं. अ‍ॅनोमलीत बहुतेक वेळा नुसती नोंद असते: इथे जुळत नाही.

गंमत अशी की दोन्ही शब्दांची वाट मध्येच एकमेकांत मिसळली होती. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'अ‍ॅनोमलस' हा शब्द 'नॉर्मा'च्या प्रभावाने बदलला, त्यातून फ्रेंचमार्गे 'अनॉर्मल' आला, आणि एकोणिसाव्या शतकात इंग्रजीने त्याला लॅटिन 'अ‍ॅब' जोडून आजचा 'अ‍ॅबनॉर्मल' घडवला. त्यामुळे कोशात एकाच्या अर्थात दुसरा दिला असेल तर कोश चुकला असं समजू नका. वैद्यकात तर दोन्ही शब्द बऱ्याचदा अदलाबदलीने वापरतात.

५. मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरू? असंगती, विसंगती, विकृती, व्यंग, त्रुटी... गोंधळ होतो.

गोंधळ होतो कारण सगळीकडे चालेल असा एक शब्द नाही. आणि तो शोधत बसूही नये. विषय बघून शब्द घ्यावा.

भौतिकशास्त्रात आणि भूशास्त्रात 'असंगती' चांगला बसतो: गुरुत्वीय असंगती, चुंबकीय असंगती. 'विसंगती' हिशेबात, जबाबात, दोन नोंदींत मेळ नसेल तेव्हा. त्यात एकमेकांना छेद देणं ही छटा आहे, म्हणून पाण्याच्या प्रसरणाला विसंगती म्हटलं तर थोडं ओढूनताणून वाटतं. मानसशास्त्राच्या पुस्तकांत 'अपसामान्य' रुळलेला आहे, पण तो अ‍ॅबनॉर्मलसाठी, आणि पुस्तकाबाहेर तो फारसा कुणाच्या तोंडी नसतो. हवामानासाठी मी कोणताच पारिभाषिक शब्द घेत नाही. 'सरासरीपेक्षा दोन अंशांनी जास्त' असं सरळ लिहिलं की काम होतं. पगाराच्या बाबतीत 'त्रुटी' ठरलेला आहे (प्रश्न १५ पाहा).

राहिला 'विकृती'. परिभाषेच्या दृष्टीने शब्द निर्दोष आहे. आयुर्वेदात आणि सांख्यात प्रकृती आणि विकृती ही जोडी आहे. मूळ स्थितीत झालेला बदल म्हणजे विकृती. पण भाषा पुढे गेली. आज 'विकृत' म्हटलं की गुन्ह्याच्या बातमीतला माणूस डोळ्यांपुढे येतो. काही वर्षांपूर्वी पालकांसाठीच्या एका माहितीपत्रकात मी 'जन्मजात विकृती' असं लिहिलं होतं. कोशात तसंच होतं. ते वाचून एका आईने त्या शब्दाखाली पेनाने रेघ मारली, पत्रक माझ्यासमोर धरलं आणि विचारलं, "ताई, म्हणजे माझं बाळ विकृत आहे का?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर पालकांसाठीच्या मजकुरात मी 'जन्मजात दोष' लिहिते, आणि जिथे खरोखर नुसता वेगळेपणा आहे तिथे 'रचनेतला फरक'. 'व्यंग' हा शब्दही जपून वापरावा. तो बाहेरून दिसणाऱ्या उणिवेसाठी आहे, आणि ऐकणाऱ्याला टोचतो.

६. डॉक्टरांनी 'अ‍ॅनोमली स्कॅन' लिहून दिलाय. म्हणजे बाळात काही दोष दिसलाय का?

नाही. सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि दर वेळी विचारणाऱ्याच्या आवाजात तीच धास्ती असते.

हे तपासणीचं नाव आहे, निष्कर्ष नाही. गरोदरपणाच्या साधारण १८ ते २२ आठवड्यांत करायची ही नेहमीची सोनोग्राफी आहे. आधी काही शंका आली म्हणून ती करतात असं नाही; सगळं व्यवस्थित चाललेल्या गरोदर बाईलाही ती सांगितली जाते. या सुमारास बाळाचे अवयव नीट दिसण्याएवढे झालेले असतात. डोकं आणि मेंदू, चेहरा आणि वरचा ओठ, मणका, हृदयाचे चार कप्पे, जठर, मूत्रपिंडं, मूत्राशय, पोटाची भिंत, हातपाय, हे एकेक करून पाहतात. वार कुठे आहे, गर्भजल किती आहे, तेही पाहतात. म्हणून वेळ लागतो. बाळ पाठ करून बसलं असेल तर चालून यायला किंवा परत यायला सांगतात, त्यावरूनही तर्क करू नका.

नाव बदललं असतं तर किती जणींची एक रात्र शांत गेली असती, असं मला फार वाटतं. काही ठिकाणी याच तपासणीला 'लेव्हल टू' किंवा 'टार्गेट स्कॅन' म्हणतात; ते कानाला सौम्य लागतं.

७. रिपोर्टवर 'नो ग्रॉस अ‍ॅनोमली सीन' लिहिलंय. 'ग्रॉस' म्हणजे काहीतरी भयंकर ना?

इथे 'ग्रॉस' म्हणजे ढोबळ, सहज दिसण्याजोगा मोठा. वाक्याचा अर्थ: रचनेत ठळक दोष दिसला नाही. म्हणजे बातमी चांगली आहे.

मात्र 'सीन' हा शब्दही तितकाच महत्त्वाचा. दिसला नाही, एवढंच ते सांगतात. सोनोग्राफी रचना दाखवते. गुणसूत्रांमधला फरक ती पक्का सांगू शकत नाही, ऐकू येतं की नाही ते दाखवत नाही, आणि हृदयातले काही बारीक दोष त्या वेळी नजरेतून सुटू शकतात. रिपोर्ट लिहिणारा हमी देत नाही. जे पाहिलं ते प्रामाणिकपणे लिहितो. त्यापलीकडची शंका असेल तर ती तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. शब्दाचा अर्थ मी सांगू शकते, रिपोर्टचा नाही.

८. रक्ताच्या रिपोर्टमध्ये एका आकड्यापुढे 'अ‍ॅबनॉर्मल' छापलंय. आजार आहे असं समजायचं का?

तेवढ्यावरून नाही. पुन्हा तोच प्रश्न: कशाच्या तुलनेत? आकड्याशेजारी जी मर्यादा छापलेली असते ती बऱ्याच तपासण्यांत अशी ठरवतात: निरोगी माणसांचे आकडे गोळा करायचे आणि त्यांतले मधले ९५ टक्के ज्या पट्ट्यात येतात तो पट्टा 'नॉर्मल' धरायचा. म्हणजे व्याख्येनेच १०० निरोगी माणसांतली ५ पट्ट्याबाहेर पडतात.

आता हिशेब करा. एका माणसाच्या अशा २० वेगवेगळ्या, एकमेकींवर अवलंबून नसलेल्या तपासण्या केल्या, तर सगळ्याच्या सगळ्या पट्ट्यात येण्याची शक्यता ०.९५चा विसावा घात, म्हणजे सुमारे ३६ टक्के. उरलेल्या ६४ टक्के वेळा ठणठणीत माणसाच्या कागदावरही एखादं 'अ‍ॅबनॉर्मल' उमटणारच. किती बाहेर आहे, आधीचे आकडे काय होते, त्रास काय होतोय, हे पाहून डॉक्टर ठरवतात. कोलेस्टेरॉलसारख्या काही आकड्यांची मर्यादा मात्र अशी सरासरीवरून नाही, धोक्यावरून ठरवतात; तिथे हा हिशेब लावू नका.

९. मालफॉर्मेशन, डिफॉर्मेशन, डिसरप्शन, व्हेरिएंट: हे सगळे अ‍ॅनोमलीच का?

पहिले तीन हो. ते जन्मजात अ‍ॅनोमलीचे प्रकार आहेत आणि कारणावरून वेगळे पडतात. अवयव घडतानाच चुकला तर मालफॉर्मेशन. अवयव नीट घडत होता, पण गर्भाशयातल्या अपुऱ्या जागेने किंवा दाबाने वाकला तर डिफॉर्मेशन; आत वळलेली काही पावलं या गटात येतात. नीट घडलेला भाग नंतर तुटला किंवा नासला तर डिसरप्शन. गर्भपिशवीच्या पडद्याचा धागा बोटाभोवती आवळला जाणं हे त्याचं नेहमीचं उदाहरण. मराठीत तिन्हींना सरसकट 'दोष' म्हटलं जातं, पण पुढे काय होईल आणि पुढच्या बाळात धोका किती, याची उत्तरं तिन्हींत निराळी असतात. म्हणून रिपोर्टवरचा नेमका शब्द जपून ठेवा.

'व्हेरिएंट' म्हणजे लोकांमध्ये आढळणारा निरुपद्रवी फरक. 'नॉर्मल व्हेरिएंट' लिहिलं असेल तर सोडून द्या.

या दोन्हींच्या सीमेवरही खूप काही आहे. साधारण ५०० जणांमागे एकाची दोन मूत्रपिंडं खालून जोडलेली, घोड्याच्या नालेसारखी असतात. साधारण १०,००० जणांमागे एकाचे सगळे अवयव आरशातल्यासारखे उलटे असतात: हृदय उजवीकडे, यकृत डावीकडे. दोन्ही जन्मजात अ‍ॅनोमली म्हणून नोंदवतात, आणि तरीही कित्येकांना दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ते पहिल्यांदा कळतं. याउलट एबस्टाइन्स अ‍ॅनोमली. विल्हेल्म एबस्टाइन या जर्मन डॉक्टरांनी १८६६मध्ये वर्णन केलेला हा हृदयाच्या तीनपाळी झडपेचा दोष. तो सौम्य असू शकतो आणि गंभीरही. शब्द तोच, पण त्यावरून गांभीर्य कळत नाही.

१०. रंगांच्या तपासणीत 'ड्यूटेरॅनोमली' आलं. मला रंग दिसतच नाहीत का?

दिसतात. डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. 'ड्यूटेरॅनोपिया' असेल तर मधल्या तरंगलांबीचा प्रकाश, ढोबळपणे हिरवा, ओळखणाऱ्या शंकूपेशी काम करत नाहीत. 'ड्यूटेरॅनोमली'त त्या काम करतात, पण त्यांची संवेदनक्षमता सरकून लालच्या जवळ गेलेली असते, त्यामुळे काही हिरव्या-लाल छटांची गल्लत होते. शब्दाच्या शेवटी 'अ‍ॅनोपिया' म्हणजे नाही, 'अ‍ॅनोमली' म्हणजे आहे पण थोडं हललेलं, एवढं लक्षात ठेवा. रंगदृष्टीतला सगळ्यांत जास्त आढळणारा फरक हाच.

११. एखाद्या माणसाला अ‍ॅबनॉर्मल किंवा अ‍ॅनोमली म्हणणं चालतं का?

नाही. हृदयाच्या झडपेत अ‍ॅनोमली असते, माणूस अ‍ॅनोमली नसतो. 'अ‍ॅबनॉर्मल मुलगा' हे शब्द मराठी घरांत फार सहज उच्चारले जातात, तेही मुलासमोर, त्याला कळत नाही असं धरून. त्याला कळतं. जी अडचण आहे तिचं नाव घ्या: ऐकू कमी येतं, बोलायला उशीर झाला, फिट येतात. नाव घेतलं की मदत कुठली लागेल तेही कळतं. 'अ‍ॅबनॉर्मल' म्हटल्याने काहीच कळत नाही.

१२. हवामानाच्या बातमीत 'पॉझिटिव्ह अ‍ॅनोमली' म्हणतात. पॉझिटिव्ह म्हणजे चांगली का?

इथे पॉझिटिव्ह म्हणजे अधिक चिन्ह. ठरावीक काळाच्या सरासरीपेक्षा जास्त असेल तर पॉझिटिव्ह, कमी असेल तर निगेटिव्ह.

तापमान सरळ न सांगता अ‍ॅनोमली का सांगतात? डोंगरमाथा आणि त्याच्या पायथ्याचं गाव यांच्या तापमानात बरंच अंतर असतं. पण एखादा महिना नेहमीपेक्षा गरम गेला तर तो बहुधा दोन्हीकडे साधारण सारख्याच फरकाने गरम गेलेला असतो. त्यामुळे लांबलांबच्या केंद्रांची तुलना फरकावरून जास्त खरी होते. एल निन्योची खूणही अशीच ठरते: मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराच्या विषुववृत्तालगतच्या एका पट्ट्यात समुद्रपृष्ठाचं तापमान तीन महिन्यांच्या सरासरीने ०.५ अंश किंवा अधिक वर असावं लागतं आणि तसं टिकावं लागतं.

इथे 'कशाच्या तुलनेत' विसरलात तर आकडा फसवतो. युरोपच्या कोपर्निकस हवामान सेवेच्या नोंदीनुसार २०२४ हे वर्ष १९९१ ते २०२०च्या सरासरीपेक्षा ०.७२ अंशांनी उष्ण होतं, आणि १८५० ते १९००च्या तुलनेत १.६० अंशांनी. वर्ष तेच, थर्मामीटर तेच. दोन बातम्यांत दोन आकडे दिसले की लोक म्हणतात, शास्त्रज्ञांचं आपसातच जुळत नाही. आधी तुलनेचा काळ वाचा.

१३. खगोलशास्त्रात 'ट्रू अ‍ॅनोमली', 'मीन अ‍ॅनोमली' हे कोन असतात. कोनाला अ‍ॅनोमली का म्हणायचं?

कारण प्रश्न ३मधला उंचसखलपणा. ग्रह आकाशात एकसारख्या वेगाने चालत नाहीत, हे जुन्या ग्रीक निरीक्षकांना कळलं होतं. त्या असमान चालीला ते अ‍ॅनोमली म्हणत. ती चाल मोजायचा जो कोन, त्यालाच पुढे तेच नाव चिकटलं.

पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याला सर्वांत जवळ असते, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा वेगाने धावते. जुलैच्या सुरुवातीला ती सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते आणि हळू चालते. जवळच्या बिंदूपासून पृथ्वीने सूर्याभोवती खरोखर कापलेला कोन म्हणजे ट्रू अ‍ॅनोमली. ती वर्षभर एकाच वेगाने चालली असती तर जो कोन झाला असता तो मीन अ‍ॅनोमली. पृथ्वीच्या बाबतीत दोन्हींतला फरक जास्तीत जास्त सुमारे १.९ अंशांचा. भारतीय गणितज्योतिषात यासाठी 'मंदकेंद्र' हा शब्द आहे, फक्त तिथे मोजणी दूरच्या बिंदूपासून, म्हणजे मंदोच्चापासून करतात. जुन्या ग्रंथातले आकडे आजच्या सूत्रात घालताना हे १८० अंश विसरू नका.

यावरूनच 'अ‍ॅनोमलिस्टिक' वर्ष: पृथ्वी जवळच्या बिंदूपासून निघून परत तिथे यायला लागणारा काळ, सुमारे ३६५.२५९६ दिवस. त्यात विचित्र असं काहीच नाही. विशेषण 'अनॉमलस' नसून 'अ‍ॅनोमलिस्टिक' आहे, एवढं पाहा.

१४. विज्ञानात अ‍ॅनोमली सापडली की सिद्धांत खोटा ठरतो का?

ठरू शकतो. पण आधी तीन शक्यता उरतात: काहीतरी आपल्याला दिसलेलं नाही, आपण मोजण्यात काही धरलेलं नाही, किंवा सिद्धांतच अपुरा आहे. तिन्हींची खरी उदाहरणं आहेत, आणि मला या शब्दाबद्दल जी आस्था वाटते ती यांच्यामुळेच.

युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. फ्रान्समधले ले व्हेरिए आणि इंग्लंडमधले अ‍ॅडम्स यांनी स्वतंत्रपणे हिशेब मांडला की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असावा. २३ सप्टेंबर १८४६ला बर्लिनच्या वेधशाळेत गाले यांनी दुर्बीण वळवली, आणि ले व्हेरिए यांनी सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला. न्यूटनचा सिद्धांत टिकला, उलट उजळला.

त्याच ले व्हेरिए यांनी १८५९मध्ये बुधाच्या कक्षेतली अ‍ॅनोमली दाखवली. बुधाचा सूर्याजवळचा बिंदू हिशेबापेक्षा जरा जास्त सरकत होता. आजच्या मोजणीने शतकाला फक्त ४३ विकला. एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग. रीत तीच वापरली: आत आणखी एक ग्रह असणार. त्याला व्हल्कन असं नावही दिलं गेलं. कित्येक वर्षं शोधला, पण तो नव्हताच. १९१५च्या नोव्हेंबरमध्ये आइन्स्टाइन यांनी नव्या गुरुत्वसिद्धांतातून ते ४३ विकला काढून दाखवले. एकाच माणसाने, एकाच रीतीने सोडवायला घेतलेल्या दोन अ‍ॅनोमली: एकीतून ग्रह निघाला, दुसरीतून न्यूटनच्या सिद्धांताची मर्यादा दिसली. कुठली कशात निघेल हे आधी सांगता आलं नसतं.

तिसरी पायोनियर यानांची. १९७२ आणि १९७३मध्ये सोडलेली ही दोन यानं हिशेबापेक्षा अगदी किंचित जास्त सूर्याकडे ओढली जात होती. नव्या भौतिकशास्त्राच्या कल्पना निघाल्या. २०१२मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासून दाखवलं गेलं की यानाच्या उपकरणांची उष्णता सगळ्या दिशांना सारखी बाहेर पडत नव्हती, आणि त्याचाच तो हलका धक्का होता.

१५. 'पे अ‍ॅनोमली' म्हणजे पगारात चूक झाली का?

बेरीज चुकणं वेगळं. पे अ‍ॅनोमली म्हणजे नियम सगळे पाळूनही निघालेला विचित्र निकाल. नेहमीचं उदाहरण: नवी वेतनश्रेणी लागू होताना कनिष्ठाची बढती अशा तारखेला पडते की त्याचा मूळ पगार त्याच पदावरच्या ज्येष्ठापेक्षा जास्त होतो. कारकुनाने काही चुकवलेलं नसतं. मराठीत 'वेतनत्रुटी' रुळलं आहे. अर्ज लिहिताना 'चूक' न म्हणता 'वेतनत्रुटी' लिहा, आणि कोणत्या ज्येष्ठ-कनिष्ठांची, कोणत्या तारखेची तुलना करता ते सोबत मांडा.

१६. आउटलायर, एक्सेप्शन, एरर, अ‍ॅबरेशन यांच्या जागी अ‍ॅनोमली चालेल का?

एरर म्हणजे चूक. अ‍ॅनोमली चूक असेलच असं नाही. एक्सेप्शन म्हणजे अपवाद, जो बहुधा नियमातच सांगून ठेवलेला असतो. अ‍ॅनोमली अनपेक्षित असते. आउटलायर म्हणजे बाकीच्या आकड्यांपासून लांब पडलेला आकडा. अ‍ॅबरेशन म्हणजे वाट सोडून भटकणं, तेही बहुधा तात्पुरतं. भिंगातून रंगांच्या कडा फुटतात त्यालाही अ‍ॅबरेशनच म्हणतात, अ‍ॅनोमली नाही.

आउटलायरबद्दल थोडं जास्त सांगते, कारण संगणकावर काम करणारे हेच विचारतात. प्रत्येक अ‍ॅनोमली आकड्याने लांब असते असं नाही. कारखान्याच्या यंत्राचं तापमान दिवसा ७० अंश असणं रोजचं आहे. पहाटे तीनला, यंत्र बंद असताना ७० अंश असेल तर ती अ‍ॅनोमली, आणि आकडा मात्र नेहमीचाच. लाल पट्टी दिसली की यंत्रणा कशाशी तुलना करतेय ते आधी शोधा.

१७. डेटाबेसच्या अभ्यासक्रमातली 'अपडेट अ‍ॅनोमली' याच अर्थाची का?

इथे अर्थ बराच आवळलेला आहे: तक्त्याची मांडणी चुकल्यामुळे माहितीत येणारी विसंगती. समजा ग्रंथालयाने एकच तक्ता ठेवला, प्रत्येक ओळीत पुस्तक, सभासदाचं नाव आणि फोन नंबर. सभासदाचा नंबर बदलला आणि त्याच्या सहा ओळींपैकी पाचच दुरुस्त झाल्या, तर ती अपडेट अ‍ॅनोमली. त्याने शेवटचं पुस्तक परत केलं, ओळ खोडली, आणि त्याचा नंबरही गेला, तर डिलीशन अ‍ॅनोमली. नवा सभासद पुस्तक घेईपर्यंत नोंदवताच येत नाही, ही इन्सर्शन अ‍ॅनोमली. सभासदांचा तक्ता वेगळा केला की तिन्ही जातात.

१८. रॉकेट फुटलं तरी निवेदनात 'अ‍ॅनोमली' का म्हणतात?

कारण त्या क्षणी एवढंच खात्रीने माहीत असतं: नोंदी अपेक्षेप्रमाणे नाहीत. कारण कळायला आठवडे लागतात. अभियंत्यांच्या तोंडी तो शब्द प्रामाणिक आहे. पण स्फोट सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिल्यावरही नुसतं 'अ‍ॅनोमली' म्हणत राहणं हे शब्दाआड लपणं आहे, आणि मराठीत बातमी देताना आपण स्फोटाला स्फोट म्हणावं.

१९. इंग्रजी वाक्यात हा शब्द बसवताना काय सांभाळायचं?

सुरुवात स्वराने होते म्हणून आधी 'अ‍ॅन' येतं. ज्या गोष्टीत ती आढळली तिच्याआधी बहुधा 'इन': अ‍ॅन अ‍ॅनोमली इन द डेटा. रोजच्या बोलण्यात हा शब्द जड वाटतो. मित्राला उशीर झाला तर ती अ‍ॅनोमली नाही. आणि 'स्ट्रेंज अ‍ॅनोमली' लिहू नका, विचित्रपणा त्यात आलाच.

२०. भाषेत अ‍ॅनोमली असते का?

भरपूर. आणि हा वाद फार जुना आहे. अलेक्झांड्रियाचे प्राचीन ग्रीक व्याकरणकार अरिस्टार्कस आणि त्यांच्या पंथाचे लोक म्हणत की भाषा सादृश्याने, नियमाने चालते. पर्गमॉनचे क्रेटीस म्हणत की भाषेत अ‍ॅनोमलीच जास्त, आणि वापरच शेवटी खरा. रोमन पंडित व्हॅरो यांनी लॅटिनवरच्या आपल्या ग्रंथात हा वाद सविस्तर मांडून ठेवला आहे.

मराठीत बघा. बसणे-बसला, उठणे-उठला, पडणे-पडला. याच चालीवर जाणे-जाला, येणे-येला, करणे-करला व्हायला हवं. लहान मुलं म्हणतातही, "मी केक करला." आपण हसून 'केला' असं दुरुस्त करतो. खरं तर त्या मुलाने नियम बरोबर ओळखलेला असतो. जुळत नाही ते आपलं 'केला'. गेला, आला, केला, दिला, घेतला, म्हटला: दिवसातून शंभरदा तोंडात येणारी रूपंच नेमकी नियमाबाहेरची. ती इतकी वापरात आहेत की पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी ऐकून पाठ होतात, नियमाने नव्याने घडवायची वेळच येत नाही. क्वचित वापरलं जाणारं क्रियापद मात्र हळूहळू नियमाच्या रांगेत येऊन उभं राहतं.